वर्गणीचा आठवडा संपू नये म्हणून

आयली कांगासने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलं, आणि त्या सव्वीस वर्षांत ती बोलली असेल तर "पुढे सरक", "ताट सरळ धर" आणि "संपलं" एवढंच. नवरा रेइनो तिच्याही दोन पावलं पुढे. तो खाणीवरून लोखंडाच्या मातीच्या गाड्या बंदराकडे उतरवणारा इंजिन ड्रायव्हर. दिवसभर इंजिनाच्या घरघरीत बसलेला माणूस घरी येऊन कशाला तोंड उघडतोय! फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या आमच्या घराण्यांत नवरा-बायको भांडतात ते दार जरा जोरात लावून, आणि समेट होतो तो कॉफीचं भांडं शेगडीवर चढवून. या दोघांचा संसार असा एक्कावन्न वर्षं बिनबोभाट चालला होता. त्यातली तीस वर्षं तरी त्याचा खांब होता रविवार संध्याकाळ, आठ वाजता.

आठ वाजता वर्गणीच्या चॅनलवर मालिका लागायची. चॅनलला चांगलं नाव आहे, नंबर आहे, पण या घरात त्याला वर्गणीचं चॅनल म्हणत. ते लोकांनी दिलेल्या पैशांवर चालतं, मधेमधे साबण नि गाड्यांच्या जाहिराती दाखवत नाही, आणि त्याची भरपाई म्हणून वर्षातून तीनदा आठवडाभर पडद्यावर येऊन हात पसरतं. मंगळवारी माहितीपट, रविवारी इंग्लंडातून आलेली मालिका. रेइनो माहितीपट बघायचा तो चुका काढायला. एकदा रेल्वेवरच्या माहितीपटात एका इंजिनाला दुसऱ्याच इंजिनाची शिट्टी लावलेली त्याच्या कानांनी पकडली. त्याने चॅनलला पत्र लिहिलं. उत्तरादाखल आभाराचं पत्र आलं आणि चिनीमातीचा एक मग. त्या मगातून तो कॉफी प्यायचा आणि पाहुण्यांना मग नीट दिसेल असा धरायचा.

मालिकेच्या वेळी मात्र नियम एकच: बोलायचं नाही. नियम रेइनोचा. शेजारची डोलोरेस पेट्रिच एकदा मालिका बघायला आली आणि मध्येच म्हणाली, "अगं बाई, हाच खुनी असणार!" खुनी तोच निघाला, त्यामुळे तर गुन्हा आणखी मोठा झाला. पुढची दोन वर्षं डोलोरेसला रविवारचं बोलावणं गेलं नाही.

आणि मग रेइनोच्या डोळ्यांना ते झालं. दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धुरकट डाग. कडेकडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. म्हणजे मालिकेत त्याला पडदे दिसत, भिंतीवरची तसबीर दिसे, पण बाईच्या चेहऱ्याच्या जागी धूर. त्याने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडून परत येताना गाडीत आयलीने विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "वय झालं म्हणाले." पण आयलीच्या लक्षात आलं होतं. पडद्यावर कुणी नुसत्या भुवया उडवून चेष्टा केली की ती हसायची आणि तो हसायचा नाही. मग तिचं हसणं ऐकून, जरा उशिराने, तोही हसायचा. 

नाताळ झाला आणि एका रविवारी आठला पाच कमी असताना रेइनो उठला. "खाली कपाट दुरुस्त करायचंय," म्हणाला आणि तळघरात गेला. पुढच्या रविवारीही कपाटच. त्या कपाटाला दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आयली एकटी कोचाच्या आपल्या कोपऱ्यात बसायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातला खळगा बघायची. तिला मालिकेचं काय एवढं! तिला रविवारी आठ वाजता तो तिथे हवा होता, बस.

म्हणून तिने तोंड उघडायचं ठरवलं. एका रविवारी ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "वर ये. मी सांगते तुला काय चाललंय ते."

तो आला. मालिका होती एका किनाऱ्यावरच्या गावातल्या पोस्टमास्तरणीची, मिसेस हॅलिडेची. गावभरची पत्रं तिच्या हातातून जात आणि गावभरच्या भानगडी तिला कळत. आयलीने सुरुवात केली.

"आली."

"कोण?"

"ती. आता बसली. उठली. आता तो आला."

"तो कोण?"

"मिशीवाला. मूर्खच आहे मेला."

"तुला काय वाटतं ते नको सांगू, दिसतं ते सांग."

"मूर्खच दिसतोय!"

पडद्यावरची माणसं बोलत तेव्हा ही बोले, आणि ती गप्प होऊन डोळ्यांनीच काही सांगत तेव्हा हीसुद्धा तोंडाचा आ करून बघत बसे. वीस मिनिटांत रेइनोच्या डोक्याचं भजं झालं. "ते बोलतात तेव्हा तू बोलतेस," तो म्हणाला, "आणि ते गप्प असतात तेव्हा तू गप्प. असं कसं चालेल?" त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पुढच्या रविवारी पुन्हा कपाट.

मार्च आला. बर्फ खिडकीच्या खालच्या काचेपर्यंत होतं आणि वर्गणीचा आठवडा सुरू झाला. हा आठवडा आमच्याकडे कुणालाच आवडत नाही, वर्गणी देणाऱ्यांना तर मुळीच नाही. मालिका रंगात आली की दर वीस मिनिटांनी ती थांबते, टेबलामागे फोन घेऊन ओळीने बसलेली गावातली माणसं दिसतात, आणि एक हसरा गृहस्थ वर्गणीदारांना भेट मिळणारी कापडी पिशवी हलवत पुढची दहा मिनिटं विनवण्या करतो. त्या आठवड्यात चॅनल रोज संध्याकाळी पोस्टमास्तरणीचे जुने भाग दाखवत होतं. पहिल्या दिवशी रेइनो बातम्यांसाठी म्हणून कोचावर बसला होता, आणि उठायच्या आत मालिका लागली. वीस मिनिटांनी पिशवीवाला आला. आयलीने आवाज बारीक केला आणि आधी घडलेलं सगळं सावकाश, सुरुवातीपासून सांगितलं. कोण कुठे उभा होता, पत्र कुणी उचललं, कुणाचा चेहरा पडला. घाई नव्हती, कारण दहा मिनिटं हातात होती. रेइनोने दोन प्रश्न विचारले. मग म्हणाला, "म्हणजे पत्र मिशीवाल्याकडेच आहे." पुढच्या वीस मिनिटांत पत्र मिशीवाल्याकडेच निघालं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून बसला. तिसऱ्या दिवशी साडेसातलाच बसला. आयलीने वेलची घातलेला गोड पाव भाजला आणि पिशवीवाला पडद्यावर आला की ती पावाचे तुकडे करत गोष्ट सांगायची. अख्ख्या राज्यात त्या पिशवीवाल्याची कुणी वाट बघत असेल तर ती आयली कांगास.

चौथ्या दिवशी पिशवीवाला नेहमीपेक्षा जास्त हसत आला. "मंडळी, खुशखबर! तुमच्या कृपेने ठरवलेली रक्कम आजच जमली. उद्यापासून मध्येमध्ये थांबणं बंद!" फोनवाल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आयलीने हातातला पाव खाली ठेवला. ती उठली, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन उचलला आणि पडद्याखाली धावत असलेला नंबर फिरवला. तिथून तिला टीव्ही दिसत होता. लाल स्वेटर घातलेल्या एका बाईने फोन उचलला.

"नमस्कार, मी मार्लिस बोलतेय. किती वर्गणी लिहू?"

"वर्गणी आम्ही जानेवारीतच दिलीय. तुम्ही ते बंद करू नका."

"चॅनल? छे हो, चॅनल कुठे बंद होतंय!"

"चॅनल नाही. ते मध्ये थांबणं. मागणं. ते चालू ठेवा."

"काय?" पलीकडून आवाज आला. पडद्यावरचं चित्र जरा मागून येत असावं, कारण त्यानंतर लाल स्वेटरवालीच्या भुवया वर गेल्या.

"बाई, तुम्ही चेष्टा करताय का?" मार्लिस हळूच म्हणाली. "सकाळपासून चाळीस लोकांनी शिव्या घातल्यात मला, मेलं ते मागणं एकदाचं थांबवा म्हणून. त्यातला एक माझा सख्खा भाऊ."

"चेष्टा नाही. मला ती दहा मिनिटं लागतात."

"कशाला?"

आयलीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. कोचावर रेइनोचं डोकं दिसत होतं. ती खालच्या आवाजात बोलू शकली असती, पण सव्वीस वर्षं तीनशे पोरांवर ओरडलेल्या बाईला खालचा आवाज कुठला! "माझ्या नवऱ्याला दिसत नाही," ती म्हणाली. "चेहरे दिसत नाहीत. मालिका थांबली तरच मला सांगता येतं. नाही थांबली तर तो खाली जाऊन बसतो. आणि मला ते सहन होत नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे वाक्य आपण आजवर कुणापुढेच उच्चारलेलं नाही, अगदी स्वतःशीसुद्धा. कोचावरचं डोकं हललं. रेइनो उठला, हाताने भिंत चाचपत जिन्याकडे गेला, आणि तळघराचं दार जरा जोरात लागलं.

मार्लिस मात्र आता भराभर बोलत होती. "थांबा, फोन ठेवू नका! अहो, त्यासाठी सोय आहे. रिमोटवर आवाजाचं बटण शोधा, दुसरा आवाज निवडा. एक बाई बोलते. पात्रं गप्प असली की तेवढ्यात सांगते, कोण आलं, कोण रडलं. माझी आई तसंच बघते. लिहून घेताय ना?"

आयलीने पावाच्या कागदावर लिहून घेतलं. त्या रात्री आणि नंतरचे दोन दिवस रेइनो तिच्याशी बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नसे, पण न बोलण्यातला फरक एक्कावन्न वर्षांनी कळतो. आपण त्याला परक्या बाईपुढे उघडं पाडलं, हे तिला खात होतं. माफी मागावी असंही तिला वाटलं, पण माफी मागायची तर पुन्हा तेच वाक्य तोंडावर यायचं.

शनिवारी ती तो कागद घेऊन डोलोरेसकडे गेली. दोघींनी मिळून डोलोरेसच्या टीव्हीवर बटणं दाबली. पहिल्यांदा टीव्हीच मुका झाला. मग पडद्यावरचा मासेमार धडाधड स्पॅनिश बोलायला लागला.

"हे असंच ठेव," डोलोरेस म्हणाली. "रेइनो शिकेल तरी एखादी भाषा बोलायला."

तासाभराने त्यांना ती बाई सापडली.

रविवारी आठला पाच कमी असताना रेइनो नेहमीसारखा खाली गेला. आयलीने टीव्ही लावला, दुसरा आवाज निवडला आणि तो इतका मोठा केला की कपाटातल्या बशा थरथरल्या. संगीत थांबलं. आणि एक शांत, बेताच्या चालीचा आवाज म्हणाला, "मिसेस हॅलिडे दार आतून लावून घेते. पत्र दिव्याजवळ धरते. तिचा हात थरथरतो आहे."

आयली हाताची घडी घालून कोचावर बसून राहिली. खाली आधी काहीच आवाज नव्हता. मग एक पायरी करकरली. बऱ्याच वेळाने दुसरी. मिशीवाला मेजर बागेचं फाटक उघडत होता तेव्हा तळघराचं दार उघडलं.

"हे कोण बोलतंय?" रेइनोने विचारलं.

"शू," आयली म्हणाली. "मालिका चालू आहे."

तो दारातच उभा राहिला. मेजरने खोटं बोलताना कॉलर सैल केली, हे त्या बाईने सांगितलं, आणि रेइनो हसला. उशिराने नाही, वेळेवर हसला. मग तो येऊन आपल्या कोपऱ्यात बसला. आयलीला पुढचा अर्धा भाग नीट दिसला नाही, कारण तिच्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण काय चाललंय ते ऐकू येत होतं.

त्यानंतर रविवार पुन्हा रविवारसारखे झाले. फक्त एक गोष्ट झाली, आणि तिची आयलीला लाज वाटायची. ती दहा मिनिटं गेली, आणि तिला त्यांची चुटपुट लागली. रेइनोला आता तिच्याकडून काही ऐकायचं नव्हतं. ती शांत आवाजाची बाई सगळं सांगत होती, तिच्यापेक्षा कितीतरी छान, कुणाला मूर्ख न म्हणता. आयली मनातल्या मनात तिला टोमणे मारायची. "मोठी आलीय शहाणी," असं एकदा ती उघडच पुटपुटली. आयुष्यभर न बोलता राहिलेल्या बाईला चार दिवस बोलण्याची चटक लागली होती, त्याला कोण काय करणार!

मालिकेचा शेवटचा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉफी ओतता ओतता, ती सहज म्हणाली, "काल माझा डोळा लागला की रे. मेजरचं काय झालं शेवटी?"

रेइनोने मान वर केली. "डोळा लागला?"

"लागला. तो गोदामाचा प्रसंग आला त्याच्या आसपास."

 मग त्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि सांगायला लागला. गोदामापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून, कारण म्हणे त्याशिवाय कळायचं नाही. पोस्टमास्तरणीने किटलीच्या वाफेवर पाकीट कसं उघडलं. मेजरच्या बुटांना चिखल कसा नव्हता. हात हलवून त्याने गोदामाचं दार कुठे आणि होडी कुठे ते टेबलावर मांडून दाखवलं, त्यासाठी साखरेचं भांडं आणि दोन चमचे घेतले. "मूर्खच आहे मेला," तो मेजरबद्दल म्हणाला. एक्कावन्न वर्षांत आयलीने त्याचं एवढं बोलणं एका दमात ऐकलं नव्हतं. ती कॉफी प्यायचीही विसरली.

मध्येच तो थांबला.

"तू झोपली नव्हतीस काल."

"कशावरून?"

"झोपलीस की तू घोरतेस. काल घोरली नाहीस." तो तिच्याकडे बघत होता, म्हणजे जरा बाजूला, खिडकीकडे. तशी मान वळवली की तिचा चेहरा त्याला थोडातरी दिसायचा. "माझे डोळे गेलेत, आयली. कान नाही गेलेले."

हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. आयलीचे गाल तापले.

रेइनोने रिकामा मग पुढे केला. "ओत अजून," तो म्हणाला. "आणि मधे बोलू नकोस. आता मेजर गोदामात शिरतो."