वड्यांखालचा घोडेस्वार

पाहुण्यानं बसून खाऊ नये, हातभार लावावा, ही आईची शिकवण घेऊन मी मस्कतला उतरलो. तिथंच घात झाला.

मस्कतजवळच्या माबेलात ताईच्या ओट्यावर चांदीचं काळपट तबक दिसलं. भाऊजींच्या अर्बाबनं (मालकानं) ईदला त्यातून हलवा पाठवला होता. ताई बाजारात गेलेली. चिंच, दंतमंजन आणि जुना ब्रश घेऊन मी तासभर भिडलो. तबकात माझा चेहरा दिसायला लागला. एरवी तो बघायला मी एवढे कष्ट घेत नाही.

ताई आली आणि मटकन खालीच बसली.

"अरे शहाण्या, ही कलमझनी आहे!" (चांदीवर छिन्नीनं कोरलेलं इराणी काम.) "रेघांत ते काळं मुद्दाम भरतात. अर्बाबच्या आजोबांनी कोरलंय हे. त्याच्या आईकडे तिच्या वडिलांची एवढी एकच वस्तू उरलीय!"

तबकावर कुठल्याशा इराणी महाकाव्यातली लढाई होती : घोडेस्वार आणि अजगर. आता कोण कुणाला मारतंय तेच कळेना.

शुक्रवारी तबक अर्बाबच्या गावी, खाबुऱ्याला परत द्यायचं होतं. आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत, म्हणून ताईनं त्यावर नारळाच्या वड्या रचल्या, पार कडेपर्यंत. गाडीत भाऊजी एकच वाक्य बोलले, "बारा वर्षं काढलीत मी या माणसाकडे." बाहेर खजुराच्या बागा सरकत होत्या. मी मांडीवरचं तबक घट्ट धरून बसलो होतो.

मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) कहवा (अरबी कॉफी) आला. अर्बाबनं एक वडी उचलली. खाली घोड्याचा खूर, पांढराफटक. दुसरी उचलली, शेपूट. "बहुत अच्छा," म्हणत त्यानं तिसरीला हात घातला. एवढी चविष्ट वडी करायची ताईला काय गरज होती?

त्याच्या म्हाताऱ्या आईनं तबक जवळ ओढलं. रेघांवरून बोट फिरवलं. काहीतरी हळूच विचारलं.

"अम्मा पूछती है, ये किसने किया?"

"मुझसे हुआ, अर्बाब," भाऊजी म्हणाले.

घरी फुटलेल्या कपाचं खापर मांजरावर फोडणारा मी, पण उभा राहिलो. "नहीं. मैंने घासा. मेहमान हूँ... मदद करनी थी."

म्हातारी उठून आत गेली. भाऊजींनी डोळे मिटले.

ती परतली ती वाटीत काजळी आणि तेल घेऊन. वाटी माझ्यापुढे सरकवून काहीतरी म्हणाली. अर्बाबला हसू आवरेना. "बोलती है, घासने का इतना शौक है ना? यल्ला, घासो."

वड्या ताटलीत काढल्या. मी अंगठ्यानं काळं भरत गेलो, ती फडक्यानं वरचं पुसत गेली. आयाळ उमटली, भाला उमटला, खवले उमटले. तिचे वडील काळं भरायचे तेव्हा पुसायचं काम हिचंच असायचं, अर्बाबनं सांगितलं. अजगराच्या डोळ्याशी तिनं माझा हात बाजूला केला. तो तिनं स्वतः भरला. मग एक वडी घेतली.

दुसऱ्याच दिवशी विमानानं भारतात घरी आलो तर बायकोनं आधी अंगठाच पाहिला. "केवढा काळा झालाय! दंतमंजन लावून घासा जरा."

मी नुसत्या पाण्यानं हात धुतले.