आईच्या हातचे चारशे बारा

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान आहे तो चारशे बारा या आकड्याला. ही बाबांची बॅटिंगची सरासरी. क्रिकेटमधली नव्हे, बेसबॉलमधली. हो, बेसबॉल. रायपुरात. हसून घ्या, आम्हीही लहानपणी हसायचो, पण बाबा नसताना.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू होते आणि आमचं क्वार्टर गुढियारीच्या बाजूला, मालधक्क्याच्या मागे. पन्नासेक वर्षांपूर्वी कुठल्याशा साहेबाला ट्रेनिंगहून येताना चार बॅटी, दहा हातमोजे आणि हे वेड सोबत आणायची बुद्धी झाली. झालं! वर्धा-अमरावतीकडून नोकरीसाठी आलेली सगळी बाबू मंडळी दर रविवारी दोन टीम पाडून मैदानात उतरू लागली. दहादा बॅट घेऊन उभं राहायचं आणि त्यातल्या चारदा स्वतःच्या फटक्यावर पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, गाठायचा, म्हणजे हजाराच्या हिशेबानं सरासरी चारशे. अमेरिकेत लाखो लोक हा खेळ खेळतात, त्यातल्या भल्याभल्या पगारी खेळाडूंना कित्येक वर्षांत पूर्ण हंगामात चारशे गाठता आलेले नाहीत. बाबांच्या मते त्यामागे काही गूढ नाही. ती बिचारी माणसं आमच्या कॉलनीत जन्मली नाहीत, एवढंच.

मीही एक हंगाम खेळलो, सोळाव्या वर्षी, शाळेकडून. फटक्यांच्या हिशेबाची वही पीटीच्या सरांकडे असायची. नोंदीत सरांचा हात फार कडक. अकरा वेळा उभा राहिलो, तीनदा मारलं. दोनशे त्र्याहत्तर. बाबांनी जेवताना आकडा ऐकला आणि म्हणाले, "ही सरासरी हाय का पॅसेंजर गाडीचा नंबर?" सगळे हसले. मीही हसलो आणि पुढच्या रविवारी मैदानावर गेलो नाही. आता सरकारी ऑफिसात फायलींवर शिक्के मारतो. तिथे फटके किती बसले ते कोणी विचारत नाही, फार सुखाची जागा आहे.

आता माझी पोरगी खेळते. अकरावीत आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. तिची सरासरी दोनशे ऐंशी. तिचे कोच खूश आहेत, रविवारी राज्याच्या टीमची ट्रायल होती आणि यादीत तिचं नाव होतं. पण कोच काय, परके. घरात चारशे बारा बसलेले.

"दोनशे ऐंशी?" बाबा रोज विचारायचे, जणू काल ऐकलंच नव्हतं. "आमच्या टीममधला सगळ्यात भैताड गडी साडेतीनशेचा होता, बाई. त्याले चष्मा होता अन् गुडघेदुखी वेगळी." मग कारणमीमांसा सुरू व्हायची. मोबाईल. ब्रॉयलर कोंबडी. शॉवरची आंघोळ. शॉवरनं सरासरी कशी घसरते हे मी एकदा विचारलं होतं. "तुले नाही समजनार," बाबा म्हणाले, "तू पन शॉवरखालचाच."

गुरुवारी रात्रीच्या जेवणात पोरीनं ताट सरकवलं. "मैं संडे को नहीं जा रही. क्या मतलब है? मुझसे होगा ही नहीं." आणि खरंच, तिची बॅट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली होती.

हे वाक्य मी ओळखत होतो, याच वयात मी ते मनात म्हटलं होतं. पोरीला त्या खेळापलीकडे काही सुचत नाही, झोपेत बॅट फिरवते, आणि तिनं ती चादरीत बांधली. मला बाबांचा इतका राग आला की मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "काहून बोलता तिले रोज रोज?"

"मी काय शिवी देल्ली?" बाबा म्हणाले. "आकडा सांगतला. आकडा खोटा बोलते का? पेटीतली वही काढ, तिच्या डोयानं पाहू दे तिले."

शनिवारी सकाळी पेटीतून वही काढली. पिवळी पडलेली, आईच्या टपोऱ्या अक्षरातली. तेव्हा वही लिहायचं काम आईकडे होतं, कारण अख्ख्या कॉलनीत अक्षर तिचं चांगलं आणि उन्हात बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बाबांनी त्या हंगामाचं शेवटचं पान उघडून पोरीसमोर ठेवलं. अडुसष्ट वेळा उभे, अठ्ठावीस फटके. चारशे बारा. मग आरामखुर्चीत टेकून सत्कार सुरू होण्याची वाट पाहू लागले.

पोरगी तिच्या टीमची वही स्वतः लिहिते. ती एकेक पान उलटू लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यावर आली.

"आजोबा, इसमें एक भी एरर नहीं है."

आता हे सांगायला हवं. फील्डरच्या हातून सोपा बॉल सुटला आणि म्हणून तुम्ही बेसवर पोचलात, तर तो तुमचा फटका धरत नाहीत. वहीत त्या फील्डरच्या नावावर चूक लिहितात, आणि तुमची सरासरी तेवढी खाली येते.

"नसनारच!" बाबा फुलले. "आमच्या फील्डिंगमधून माशी जात नव्हती."

"माशी नहीं जाती थी," पोरगी म्हणाली, "तो सब लोग चार सौ कैसे मार रहे थे? बॉल कहाँ से निकलता था?"

बाबांनी वही स्वतःकडे ओढली. मीही वहीकडे पाहिलं. खरंच की! अख्खी टीम साडेतीनशेच्या वर. चष्मा आणि गुडघेदुखीसकट.

आई खाली बसून लाल भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मी लिवतच नव्हती."

"काय लिवत नव्हती?"

"चुका. कशी लिवू? सकायी नळावर त्याचीच बायको भेटनार. संक्रांतीले तिच्या हातचं वाण घ्याचं, अन् वहीत तिच्या नवऱ्याच्या नावावर चूक मांडाची? मले नाही जमलं, बाप्पा. बॉल सुटला का मी समोरच्याचा फटका लिवून टाकू. त्याचंही भलं, ह्याचंही भलं."

"सगळ्याइचे?"

"सगळ्याइचे. तुमचे जरा जास्त. फटका नाही लागला का तुमी घरी येऊन जेवत नव्हते न."

म्हणजे जगातल्या भल्याभल्यांना जे साधत नाही ते आमच्या कॉलनीनं साधलं, ते हळदीकुंकवाच्या जोरावर. मला हसू फुटलं ते आवरेना. पोरगी पण तोंड दाबून हसत होती. पन्नास वर्षं! पन्नास वर्षं ही बाई गप्प बसून चारशे बारा ऐकत होती आणि पोळ्या वाढत होती.

बाबा हसले नाहीत. वही उचलली, पेन्सिल मागितली आणि समोरच्या खोलीत गेले. जेवायलाही आले नाहीत. मला वाटलं, फाडतात आता. डोकावून पाहिलं तर ते एकेका फटक्यावर पेन्सिल टेकवून बसले होते, आणि अधूनमधून एक गोल काढत होते.

दुपारी चारच्या सुमारास त्यांनी हाक मारली. "पोट्टी, इकडं ये. मोज."

आम्ही सगळेच गेलो. दहा गोल होते. "हा सोळा नंबर क्वार्टरवाल्याच्या पायातून गेल्ता," बाबा बोटानं दाखवत गेले. "हा त्याच्या छातीवर आपटून पडला. हा तर त्यानं सोडलाच, लक्ष चहावाल्याकडं होतं." एकेक सुटलेला बॉल त्यांना पाठ होता. तेव्हापासून पाठ होता.

"अहो, तो गेला न आता," आई कळवळली. "गेलेल्या मानसाच्या नावावर काहून लिवता?"

"त्याच्या नाही, माह्या नावावर लिवून रायलो," बाबा म्हणाले. "मोज, बाई."

पोरीनं मोबाईलवर हिशेब केला. अठ्ठावीसातून दहा गेले. अडुसष्टात अठरा. ती थांबली, तिनं परत केला.

"दो सौ पैंसठ," ती हळूच म्हणाली. "आजोबा... मेरा दो सौ अस्सी है."

"मालूम हाय. म्हनूनच मोजाले लावलं." बाबांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "ट्रायल किती वाजता हाय?"

"सात बजे."

"मी येतो. मले बसाले खुर्ची घेजो."

ती पळाली, माळ्याकडे. मी तिथेच उभा होतो. तीस वर्षं जिभेवर बसलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, माहे दोनशे त्र्याहत्तर होते."

त्यांनी वर पाहिलं नाही. हातातली पेन्सिल फिरवत राहिले.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "तवाच मोजाले पायजे होतं, राजा."

आतून पोरगी ओरडली, "पापा, स्टूल पकड़ो ना, हिल रहा है!" मी धावत गेलो आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. रडू येत होतं, आणि वर बॅट काढणाऱ्या पोरीला खाली पाहायला फुरसत नव्हती.