वाघीण रस्त्यात, शुगर चोपन्न

थांबा, आधी हे ऐका. युनिफॉर्मही बदलला नाही अजून, पण हे आत्ताच टाइप केलं नाही तर मी फुटीन. आज सकाळच्या सफारीत मी ड्यूटीवर दारू पिऊन होती, अशी तक्रार झाली. मी दारू पीत नाही. मी इन्सुलिन घेते.

मी नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूला बसते, पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, दाखवते, हरणं ओरडली की वाघ कुठे असेल ते सांगते. पाचवीत होती तेव्हापासून मला टाइप वन डायबिटीस आहे. म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, बाहेरून घ्यावं लागतं, रोज, जन्मभर. गोड खाल्ल्याने हा होत नाही. हे मी दर पाहुण्याला सांगते आणि दर पाहुणा विचारतो, "लहानपणी चॉकलेट खूप खात होती का?"

बाकी मस्त चाललं आहे. दंडावर सेन्सर, फोनवर शुगरचा आकडा, बॅगेत इन्सुलिनचा पेन. गावात लाइट गेली, फ्रिज बंद पडला की इन्सुलिन थंड राहायला मडक्यात. घोडं अडलं फोनवर. सफारीत मोबाईल बंदी आहे, सगळ्यांचे फोन गेटवर जमा होतात. माझा फोन सोबत नसला तर मला आकडा कुठे दिसणार? म्हणून मी आमच्या नव्या आरएफओ सरांना, म्हणजे रेंजच्या साहेबांना, डॉक्टरची चिठ्ठी दिली होती.

सर म्हणाले, "ठीक आहे, ठेव फोन. पण एक जरी तक्रार आली, तर तुला तिकीट काउंटरवर बसवणार. आत काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं."

काउंटरवर खुर्ची आहे, पंखा आहे. वाघ नाही.

आजचे पाहुणे नागपूरचे काका-काकू. काका टाइप टू, म्हणजे बहुतेकांना वय झाल्यावर होते ती शुगर. काकू त्यांच्या पोलीस. बिस्किटं शुगर-फ्री, चहा बिनसाखरेचा, संत्रं अर्धंच. जिप्सी गेटातून निघते न निघते तोच मागून काकूंचा आवाज आला.

"घरून निघताना काय ठरलं होतं आपलं?"

"अवं, देवाशप्पथ, माझं नाही ते!"

"मग काय वाघाचं आहे?"

मला वाटलं सिगारेट असेल. मी मागे वळली नाही. पाहुण्यांच्या घरच्या भांडणात गाईडने पडू नये.

पुढे नाल्याच्या रेतीत जिप्सी फसली. पाहुण्यांना खाली उतरायची परवानगी नाही, म्हणून मी एकटीने मागून धक्का मारला. जोराचं काम केलं की शुगर पडते. थोड्या वेळाने फोन हळूच वाजला: शुगर उतरून राहिली आहे. हे माझ्यासाठी नेहमीचं आहे. ग्लुकोजच्या गोळ्या चघळायच्या, थोडं थांबायचं, पुन्हा आकडा बघायचा. माझ्या सीटच्या पाठीमागे एक कापडी खिसा आहे, त्यात माझी गोळ्यांची पिवळी पिशवी असते. मी हात मागे घातला. खिसा रिकामा.

तेवढ्यात वाघीण निघाली.

आली आणि रस्त्यात मधोमध बसली. सोमाभाऊंनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी, इंजिन बंद केलं. अशा वेळी जिप्सीत श्वाससुद्धा हळू घ्यायचा असतो. आणि माझ्या फोनने बोंब ठोकली. चोपन्न. इतकी खाली गेली की तो अलार्म जोरातच वाजतो, फोन सायलेंट असला तरी. मी फोन गमछ्यात गुंडाळला आणि त्याच्यावर बसली. वाघिणीने आमच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

"आमचे फोन जमा, अन् हिचा चालू?" काकू कुजबुजल्या.

मला दरदरून घाम आला होता, बसल्या बसल्या झोक जाऊन राहिला होता. लो झालं की मेंदूला साखर कमी पडते आणि माणूस काहीही बोलतो. मी गाईड असल्यामुळे माहिती देत राहिली. समोर बोट दाखवून, एकदम शांतपणे सांगितलं, "हे मादी अस्वल आहे."

सोमाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वो पोरी? काय होऊन राहिलं तुले?"

"भाऊ, गोड. काहीतरी गोड."

भाऊंनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पन्नी काढली. त्यांनी औंदा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सोडला, पण तोंडाची सवय काही जात नाही. म्हणून खर्र्याच्याच पन्नीत ते वाळलेली मोहफुलं ठेवतात. त्यांच्या वावरातल्या झाडाची, मनुकांसारखी गोड. मी मूठभर कोंबली तोंडात. मग अजून एक मूठ.

आता हे मागून कसं दिसलं ते पहा. पोरगी आधी फोनशी खेळली. मग झुलायला लागली. वाघाला अस्वल म्हणाली. मग तिने ड्रायव्हरकडून खर्र्याची पन्नी घेतली. काकू पुढे वाकल्या, तर माझ्या तोंडाला मोहाचा वास. आमच्याकडे मोहाचा वास आला की लोकांना फूल आठवत नाही, दारूची बाटली आठवते.

वाघीण उठून गेली. मी आकडा पाहिला, वर चढून राहिला होता. गेटवर येईपर्यंत मी एकदम ठणठणीत. आणि उतरल्या उतरल्या काकू सरळ सरांच्या केबिनमध्ये. मागून काका, मागून आम्ही दोघं.

"पिऊन होती तुमची गाईड! वर खर्रा खाऊन राहिली होती!"

सर माझ्याकडे वळले. "पिऊन होतीस?"

"नाही सर. शुगर लो झाली होती." मी फोनवरचा ग्राफ दाखवला. खाली गेलेली रेघ, मग वर आलेली रेघ. सोमाभाऊंनी पन्नी टेबलावर ठेवली. "मोहफुलं आहेत जी. खाऊन पहा." सरांनी एक खाल्लं. मग अजून एक खाल्लं.

"वाघाला अस्वल म्हणालीस?"

"हो सर."

"गोळ्या सोबत ठेवतेस ना तू? मग वेळेवर का नाही खाल्ल्या?"

"ठेवल्या होत्या सर. माझ्या सीटच्या मागच्या खिशात, पिवळ्या पिशवीत. हात घातला तर पिशवीच गायब."

काकांनी मान हळूहळू काकूंकडे वळवली.

"सुनंदा. पर्स उघड."

काकूंनी पर्स उघडली. शुगर-फ्री बिस्किटांच्या खालून पिवळी पिशवी निघाली.

"मी सांगून राहिलो होतो ना, माझ्या नाहीत! सकाळपासून सांगून राहिलो!" काकांना वाघीण दिसल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

"मला काय माहीत? यांच्या गुडघ्यासमोरच होती. यांना लपवून खायची खोड आहे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात धरला. "बाई गं, तुला काही झालं असतं म्हणजे?" आणि पिशवीसोबत शुगर-फ्री बिस्किटांचा अख्खा पुडा माझ्या हातात दिला. लो झाल्यावर तो माझ्या काही कामाचा नाही. मी थँक यू म्हटलं.

पण तक्रार ती तक्रारच. ते दोघं गेल्यावर सरांनी पन्नीतलं तिसरं मोहफूल तोंडात टाकलं. मी मनातल्या मनात काउंटरची खुर्ची पाहून घेतली.

"उद्यापासून," सर म्हणाले, "गोळ्या युनिफॉर्मच्या खिशात. थोड्या या सोमाकडे. जिप्सीला धक्का मारायच्या आधी आकडा बघायचा. आणि वाघ दिसला की वाघच म्हणायचं."

"म्हणजे उद्या सफारी आहे सर?"

"सकाळची. फोन घेऊन ये."

तर मी आज शिकली ते एवढंच: आपली साखर आपल्या अंगावर ठेवावी. दुसऱ्याच्या गुडघ्यासमोर ठेवली की ती त्याची होते. सोमाभाऊ म्हणतात, उद्यापासून ते मोहफुलं स्टीलच्या डबीत आणतील. पन्नीत चांगली राहतात, पण लोकायले कायच्यात काय दिसेल सांगता येत नाही जी.

आता तुम्ही सांगा. तुमच्यापैकी कोणाला टाइप वन आहे? लो झाल्यावर तुम्हाला कोणी पिऊन आहे म्हटलं का कधी? आणि तुम्ही वाघाला काय म्हटलं होतं?