बहात्तर ठोके आणि आठ कप

मुलीचे दिवस भरत आले म्हणून बायको नागपूरला गेली. जाताना मुलीने पाठवलेलं नवं घड्याळ माझ्या मनगटावर चढवून, ते काढायचं नाही असं बजावून गेली. मी कारखान्यात तीस वर्षं दर तासाला बेअरिंगचं तापमान वहीत टिपलेला माणूस. घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं म्हटल्यावर लगेच वही काढून रकाने आखले.

सकाळी सातला दूध घेऊन तीन मजले चढलो, एकशे आठ. आठला शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाद, एकशे चार. नऊला शांत बसलो, पण वही वाचूनच धडधड वाढली. माझे वडील याच वयात हृदयविकाराने गेले होते. मी मनापासून घाबरलो. पण बायकोला सांगितलं असतं, तर ती लेकीला तशीच टाकून पहिल्या गाडीने भोपाळला आली असती. म्हणून दहा दिवस फोनवर मजेत असल्याचं सांगत राहिलो.

शेवटी वही घेऊन आमच्या अयोध्या नगरातल्याच एका तरुण डॉक्टरकडे गेलो. पानं उलटून तो म्हणाला, "अंकल, ये तो चलती मशीन की रीडिंग है. बंद मशीन की दिखाइए."

मशीन बंद पडू नये म्हणूनच आलोय, असं मी त्याला सुनावलं. त्याने हसत माझ्या फोनवर घड्याळाच्या नोंदींचं दुसरंच पान उघडलं. झोपेत आणि निवांत बसल्यावर पडणारे ठोके घड्याळ वेगळे मोजतं म्हणे. आकडा भीतीदायक नव्हता, पण दहा दिवसांत त्रेसष्टवरून बहात्तरवर गेला होता. एका दिवसाचं सोडा, आठवड्याचा चढ बघा, म्हणाला. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला. मग त्याने झोप विचारली, चहा विचारला. बायको नसल्याने चहाचे आठ कप होत होते. मी पाच सांगितले.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"बहात्तर झालेत. डॉक्टरकडे जाऊन आलात का?"

बहात्तर तुला कुणी सांगितले, म्हटलं. माझे आकडे स्वतःच्याही फोनवर दिसतील अशी सोय लेकीने आधीच करून ठेवली होती, आणि मायलेकी रोज सकाळी ते बघत होत्या. मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. काल बॅग भरून ठेवलीय. राहू दे भरलेली, की सोडू?"

मग मी तिला सगळं सांगितलं, आठच्या आठ कपांसकट.