वन्संचं यिन-यांग

माझ्या थोरल्या नणंदेनं चिनी उपचारांचा कोर्स केला आणि सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराची पुढची खोली दवाखान्यासाठी मागितली. मला कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं त्या खोलीतलं माझं शिलाई मशीन उचलून जिन्याखाली ठेवलं आणि त्याच्या जागी कॉट टाकली.

त्याच सुमारास माझी पाळी जायला लागली होती. अंगाचा भडका उडायचा, झोप लागायची नाही. वन्संनी माझी जीभ बघितली, नाडी धरली.

"यिन म्हंजे थंडावा, यांग म्हंजे उष्णता. दोन्हीचा तोल लागतो. तुझं यांग लई वाढलंय. तिखट बंद कर, माठातलं पाणीबी बंद, पोटाला बाधतं. आणि आवाज जरा खाली ठेव."

उष्णता माझ्यात, आणि बंद काय, तर गार पाणी! सोलापूरच्या मे महिन्यात कोमट पाणी पिताना मी त्या बाईला मनातल्या मनात जे म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याहून वाईट म्हणजे नवऱ्याला तो शब्द सापडला. माझं मशीन जागेवर ठेवा म्हटलं, की तो हसायचा. "बघ, चढलं यांग." मी बोलले की आजारी, गप्प बसले की बरी.

एका दुपारी मी पडद्याअलीकडं कपड्यांच्या घड्या घालत होते. आत नवी पेठेतला एक कापडवाला कॉटवर पडला होता. वन्सं त्याला समजावत होत्या, "भाऊ, राग गिळू नका. गिळलेला राग आत साचतो. यिन-यांगातल्या एकाला दाबलं की दुसरंबी बिघडतं."

मी पडदा सरकवला. "वन्सं, मला आवाज खाली ठेव म्हणालात. ह्यांना मात्र राग गिळू नका?"

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असती की," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

"प्रकृतीचं सांगू नका. ते गिऱ्हाईक हायेत आणि मी भावजय."

कापडवाला चपला हातात घेऊनच निघाला. वन्सं रडल्या. संध्याकाळी नवरा म्हणाला, माफी माग. मी मागितली नाही. मशीन एकटीनं ओढत खोलीत आणलं आणि कॉट जिन्यात उभी केली.

वन्संनी दोन गल्ल्या पलीकडं जागा घेतली. तिथं गर्दी असते म्हणे. असू दे. मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. पाळी जाताना असं होतं, म्हणाल्या, आणि गोळ्या दिल्या. भडके कमी झाले. सणाला वन्सं येतात, मी ताट वाढते, पण बोलत नाही. "आता तरी शांत हो," नवरा म्हणतो. मला शांत व्हायचं नाही.