ज्याच्यावर गोष्ट, त्याच्यासमोर

मास्तर मूळचा गॅरेजातला फिटर. वर्गात सगळे त्याला घण्या म्हणत, तेही तोंडावर. मालकाचा मेव्हणा एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला लाथा घालायचा आणि वर स्वतःच खो खो हसायचा. घण्यानं पान्यानं त्याचा जबडा मोडला. नोकरी गेली. मग टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं दर रविवारी वर्ग सुरू केला. विनोदी गोष्टी लिहायला शिकवायचा, फुकट. हसायचा हक्क मारणाऱ्यानं एकट्यानं का म्हणून घ्यावा?

शिकवणंही घणाचंच. "किती लागलं ते लिहू नका, रडगाणं होतं! मारणाऱ्याच्या हातात काय होतं ते लिहा. पट्टा? मग बक्कल कुठल्या टोकाला? आणि वाचताना स्वतः हसलात तर याद राखा."

एक नियम मात्र त्याचा स्वतःचा. ज्याच्यावर गोष्ट, त्याला समोर बसवून वाचायची. मागून हसणं ही कुचाळकी. त्यापायी एका मुकादमानं खिडकी फोडली, एका घरमालकानं वर्गातल्या वॉर्डबॉयचं नाक फोडलं. घण्या हे सगळं छाती फुगवून सांगायचा.

इस्पितळात चादरी धुणाऱ्या ताईनं नवऱ्यावर गोष्ट लिहिली, तेव्हा घण्या हट्टाला पेटला. "आण त्याला."

"मास्तर, मुकादम संध्याकाळी त्याच्या घरी जातो. हा माझ्या घरी येतो."

"घाबरलीस?"

तो शब्द तिला झोंबला. पुढच्या रविवारी नवरा हजर. भांग पाडून, पाय पसरून बसला.

ती वाचू लागली. गोष्टीतला नवरा ताटं फेकतो, पातेली फेकतो, घड्याळ फेकतो. शेवटी फेकायला काही उरत नाही. "इस्त्री कुठंय?" बायको म्हणते, "ही घ्या, पण आधी प्लग काढा." बायकोचं ऐकेल तो नवरा कसला! फेकतो. वायर ताणली जाते, इस्त्री अर्ध्या वाटेवरून माघारी येते ती थेट त्याच्याच पायावर.

खोली हसून लोळली. वर्गातली शिलाईवाली तर डोळे पुसत होती. नवऱ्यानं आपला पाय खुर्चीखाली ओढला, आणि ते बघून सगळे आणखीच हसले.

तो उठला. पट्टा कधी निघाला कळलंही नाही. घण्या मधे पडला आणि बक्कल त्याच्या तोंडावर बसलं. दोन दात जमिनीवर. खुर्ची उचलून नवऱ्यानं ताईवर घातली. तिनं कोपर आडवं धरलं, हाड वाजलं. मग वॉर्डबॉयनं त्याला मागून कवळलं, वर्गातल्याच एका ड्रायव्हरनं पोटात गुडघा घातला, शिलाईवाली पायांवर बसली. पालथ्या पडलेल्या त्याच्या मानेवर घण्यानं बूट ठेवला आणि दाबला. दाबतच राहिला. नवऱ्याच्या घशातून घरघर येऊ लागली.

"मास्तर, पाय काढा," ताई म्हणाली. "माझं वाचून व्हायचंय."

त्यानं काढला. एक हात लोंबकळत असताना तिनं उरलेल्या चार ओळी वाचल्या. कुणी हसलं नाही.

"घरी चल," खालून नवरा गुरगुरला. "मग दाखवतो."

घण्यानं ताईकडं पाहिलं. ही रात्री त्याच दाराआड जाणार होती, आणि तिला तिथं लोटणारा तो स्वतः होता.

ताई वाकली. नवऱ्याच्या खिशात हात घालून तिनं घराची किल्ली काढली. "घरी मी चाललेय. तू कुठं जायचं ते तुझं तू बघ."

ड्रायव्हर आणि वॉर्डबॉयनं नवऱ्याला फरफटत पोलीस चौकीवर नेलं. ताईचा हात शिलाईवालीनं ओढणीनं बांधला. घण्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबून, हत्यारांची पेटी घेऊन ताईच्या मागोमाग गेला. तिच्या दाराचं जुनं कुलूप उपसून नवं बसवलं. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण बोळा काढला की रक्त यायचं.

"मला परत घाबरलीस का म्हणून विचारायचं नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि नवी किल्ली तिला दिली. तिनं हात तसाच पुढं ठेवला. तेव्हा कुठं त्याला उमगलं. खिशात राहिलेली दुसरी किल्लीही त्यानं काढून दिली.