आफ्रिका किती लांब?

जळगावच्या दाणाबाजारातल्या नेमीचंद शेठजींना आज कुणी विचारलं, "शेठजी, नशिराबादला पोचायला किती वेळ लागेल?" तर ते म्हणतात, "मोटार स्टँडवर विचार, बाबा." नशिराबाद हाकेच्या अंतरावर! नवख्याला वाटतं, म्हातारा तुसडा आहे. तसं नाही. सदुसष्ट सालापर्यंत हाच माणूस न विचारताही सांगायचा. भडगावची गाडी कधी येईल, पिंपळनेरला माल कधी पडेल, मुंबईहून आफ्रिकेला बोट किती दिवसांनी लागेल, सगळं जिभेवर. आणि ते बरोबरही यायचं, हीच तर पंचाईत झाली.

त्या साली चैत्रात त्यांची वहिनी पानबाई अंथरुणाला खिळली. नेमीचंद आईवेगळे, तिच्याच पदराखाली वाढलेले. तिचा एकुलता एक मुलगा दीपचंद नैरोबीत दुकान चालवायचा. त्याला तार गेली आणि उलट तार आली, आज रात्रीच्या विमानाने निघतो. पानबाईने दिराचा हात धरला. "नेमी, मी गेले तरी तो येईपर्यंत मला हलवू नको. अग्नी त्याच्याच हातचा." नेमीचंदांनी शब्द दिला. पहाटे ती गेली.

सकाळी आळी जमली आणि नेमीचंदांनी हिशेब मांडला. जळगावहून मुंबईलाच गाडीत रात्र जाते. नैरोबी तिथून तीन हजार मैल, मध्ये अख्खा समुद्र. विमान आगगाडीपेक्षा वेगाने जात असेल, पण ठिकठिकाणी उतरणारच की!

"चार दिवस तरी धरा," ते म्हणाले.

त्यांची बायको गुलाबबाई डोळे पुसत म्हणाली, "अहो, निदान दिवस मावळेपर्यंत तरी थांबा. तुम्ही शब्द दिलाय त्यांना."

"विमान म्हणजे काय गरुड आहे? या उन्हात तिच्या देहाचे हाल करू?"

तारऑफिसातून मुंबईला फोन लावून विचारता आलं असतं. पण ज्याला सगळा बाजार विचारतो, त्याने कुणाला विचारायचं? इथेच शेठजींनी शेण खाल्लं. दुपारी अग्नी त्यांनी स्वतःच दिला.

दिवस अजून मावळलाही नव्हता, तोच लोटन टांगेवाला रस्त्यावरूनच ओरडला, "शेठजी, तुमना आफ्रिकाना पुतण्या उना!"

टांग्यातून दीपचंद उतरला. विमानाने रातोरात समुद्र ओलांडून उजाडता त्याला मुंबईत सोडलं होतं. जास्त वेळ लागला तो मुंबईहून जळगावला यायलाच. ओसरीवर ओल्या केसांनी बसलेली माणसं त्याने पाहिली आणि तो जागीच थांबला.

नेमीचंद उठून पुढे झाले. पोराने चारचौघांत शिव्या घालाव्यात, अंगावर धावून यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोन-तीन तास थांबलो असतो तर काय बिघडलं असतं, हे तेव्हापासून त्यांना खात आलं आहे.

दीपचंदने शिव्या दिल्या नाहीत. तो वाकून पाया पडला आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडला.

"काकासा, विमानात मला एकच धीर होता," तो म्हणाला. "आई गेली असली तरी तुम्ही आहात. कुणी कितीही घाई केली तरी तुम्ही तिला हलवू देणार नाही."